‘कांद्यावर काही भेटेल का?’ : नाशिकच्या नव्या संदर्भ ग्रंथपालासाठी

एम.लिब. झालं, सेट ही पात्रता परीक्षा सुटली आणि नाशिकमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तुम्ही रुजू झालात. पहिल्या महिन्यात समोर येतील दाखल नोंदवह्या, बारकोडची स्टिकरं, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि ‘नो ड्यूज’च्या सह्या. ते सगळं करावंच लागतं. पण नेमणूकपत्रात सहसा न लिहिलेली दोन कामंही तुमचीच आहेत. विचारायला आलेल्या वाचकाला हव्या त्या माहितीपर्यंत नेणं हे एक, आणि ती कशी शोधायची ते वर्गात शिकवणं हे दुसरं. परदेशातल्या विद्यापीठांत यासाठी स्वतंत्र पद असतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी देवघेवीच्या काउंटरवर बसणारा, पुस्तकखरेदीची कोटेशनं मागवणारा माणूसच मधल्या वेळात हेही करतो. म्हणून कुठून सुरुवात करायची आणि कशात वेळ घालवायचा नाही, ते इथे क्रमाने मांडलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. या कामातला निम्म्याहून अधिक वेळ प्रश्न नीट करून घेण्यात जायला हवा. डेटाबेस काय, दोन दिवसांत कुणालाही शिकता येतो.

१. आधी कपाट, मग कॉम्प्युटर

पहिला आठवडाभर रोज तासभर संदर्भ विभागात बसा. प्रत्येक संदर्भग्रंथ हातात घ्या आणि तीनच गोष्टी बघा: कोणत्या वर्षापर्यंतची माहिती आहे, रचना कशी आहे (अकारविल्हे की विषयवार), आणि सूची कुठे आहे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, पण तो कपाटातही चाळून ठेवा. नोंदींखालच्या संदर्भांमधून पुढची वाट सापडते. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (१८०० ते १९३७) ग्रंथालयात असेल तर ती धूळ झटकून जवळ आणा. जुनं पुस्तक ‘होतं की नव्हतं’ या वादावर तिच्याइतका चोख उपाय नाही.

नाशिकला बसायचं तर जिल्हा गॅझेटियर पाठ नसलं तरी ओळखीचं हवंच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिकचा, प्रकाशन १८८३. त्याची स्वातंत्र्यानंतरची सुधारित आवृत्ती वेगळी. मुलं दोन्हींमध्ये गल्लत करतात आणि १८८१ च्या जनगणनेचे आकडे आजचे म्हणून उतरवतात. जुन्या खंडातली जातीजमातींची वर्णनं ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेली आहेत, हेही खंड हातात देतानाच सांगावं. मागाहून सांगितलं तर तोवर ते प्रोजेक्टमध्ये गेलेलं असतं.

एक विषय किती रॅकवर विखुरलेला असतो, ते द्राक्षावरून बघा. ड्युई वर्गीकरणात (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत) लागवड ६३४.८ ला, वाइननिर्मिती ६६३.२ ला आणि शेतीचं अर्थकारण ३३८.१ ला. ‘द्राक्षाची पुस्तकं त्या कोपऱ्यात’ असं बोट दाखवलंत तर दोन तृतीयांश साहित्य त्या मुलाला दिसणारच नाही.

२. किल्ल्या कुणाकडे आहेत ते शोधा

ई-साहित्याची वर्गणी भरलेली असते आणि पासवर्ड आधीच्या ग्रंथपालांच्या वहीत असतो. एन-लिस्टचं (महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकं आणि ई-जर्नलच्या योजनेचं) सभासदत्व चालू आहे का, विद्यार्थ्यांची खाती उघडलीत का, तुमची संस्था ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्राच्या ई-जर्नल योजनेत बसते का, हे सगळं विचारून घ्या. ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, पण प्रत्येक महाविद्यालय तिच्यात आपोआप येत नाही. खातं मिळालं की ते स्वतः घरून, मोबाइलवर उघडून बघा. विद्यार्थी ते तसंच उघडणार आहे, रात्री अकराला, खोलीतल्या कॉटवर बसून.

३. प्रश्न करून घ्या

इथे जरा थांबू, कारण सगळा खेळ इथला आहे.

निफाडकडचा टी.वाय.बी.कॉम.चा मुलगा काउंटरशी येतो.

“मॅडम, कांद्यावर काही भेटेल का?”

“भेटेल की. कशासाठी हवंय?”

“प्रोजेक्ट आहे.”

“सरांनी कागद दिलाय का काही?”

तो मोबाइलमधला फोटो दाखवतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘शेतमाल विपणनातील समस्या: एक अभ्यास’. एवढ्या विषयावर पाच पीएच.डी. होतील.

“मग कांदाच का घेतलास?”

“घरचा आहे ना मॅडम. मागे निर्यात बंद केली, आमचा लाल कांदा नेमका तेव्हाच निघालेला. लय वांधे झाले.”

“कधीची गोष्ट?”

“दोन हजार तेवीस. डिसेंबर.”

आता प्रश्न हाती आला. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती ४ मे २०२४ ला उठवली. त्या काळात लासलगाव बाजार समितीत कांद्याचा भाव कसा हलला? यासाठी तीन प्रकारचं साहित्य लागेल. रोजचे बाजारभाव शासनाच्या अ‍ॅगमार्कनेट पोर्टलवर आहेत. बंदीची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची. आणि आधीच्या निर्यातबंद्यांवर अर्थशास्त्रातल्या लोकांनी लिहिलेले लेख. चौथं साहित्य त्याच्या घरात आहे: वडिलांच्या त्या हंगामातल्या बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या. त्या आणायला सांगितल्यावर मुलगा चक्रावतो, ‘त्यापण चालतात?’ म्हणून विचारतो. चालतात. मूळ साधन म्हणजे काय, हे त्याला व्याख्येपेक्षा त्या पट्टीवरून लवकर कळतं.

या संवादात काय झालं ते बघा. कागदाचा प्रश्न सोडला, तर ‘हो’ किंवा ‘नाही’त उत्तर संपेल असा एकही विचारला नाही. ‘का हवंय?’ असंही विचारलं नाही. त्यात चौकशीचा सूर येतो आणि मुलं मिटतात. ‘कशासाठी हवंय’ हे चालतं. शिक्षकांनी दिलेला कागद मागितला, कारण मुलगा स्वतःच्या शब्दांत सांगतो ते आणि सर मागतात ते, यात फरक असतोच. आणि शेवटी प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवायचा: “म्हणजे तुला बंदीच्या काळातले लासलगावचे भाव हवेत, बरोबर?” तो मान हलवतो तेव्हा शोध सुरू करायचा, आधी नाही.

माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की माहितीची गरज चार पायऱ्यांतून जाते आणि ग्रंथपालापर्यंत पोहोचते ती शेवटची, तडजोड केलेली. वाचक आपल्याला काय विचारतो? तर ग्रंथालयात जे असेल असं त्याला वाटतं, ते. ‘काही भेटेल का’ मधलं ‘काही’ तिथून येतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी संदर्भसेवेचे तत्काळ आणि दीर्घ पल्ल्याची असे दोन प्रकार केले, तेही रोजच्या कामात उपयोगी पडतात. जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या (६१,०७,१८७) विचारली तर गप्पा मारत बसू नका, उघडून दाखवा. लांबलचक संवाद प्रत्येकाशी केलात तर काउंटरवर रांग लागेल आणि शिपाईमामा तुमच्याकडे बघत राहतील.

गर्दीच्या वेळी प्रश्नकर्त्याला बाजूच्या टेबलावर बसवा. स्क्रीन त्याच्याकडे वळवा, माउस त्याच्या हातात द्या. तुम्ही भराभर टाइप करून प्रिंट हातात दिलीत की तो खूश होतो आणि पुढच्या आठवड्यात तसाच्या तसा परत येतो.

४. शब्द बदलून बघा

स्थानिक विषयावर शोधताना नाशिकचीच अडचण असते. इंग्रजीत ‘एच’ असलेलं स्पेलिंग नवं. जुन्या अहवालांत, गॅझेटियरमध्ये, शिलालेखांवरच्या लेखांत ‘एच’ नसलेलं आहे. पांडवलेण्यांवर काम करणाऱ्या मुलीने फक्त नवं स्पेलिंग टाकलं, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अभ्यासकांचं लिखाण तिच्या हाती लागणं मुश्कील. मोगल काळासाठी ‘गुलशनाबाद’ही टाकून बघावं लागतं. त्र्यंबक आणि त्र्यंबकेश्वर, येवला आणि येवले, यांचंही तेच.

लेखकांची नावंही अशीच फसवतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर या दोन नावांखाली पुस्तकं विभागली गेली असतील, तर नाशिकमधल्या ग्रंथालयाला तर ते शोभणारच नाही. ओपॅकमध्ये (ग्रंथालयाच्या ऑनलाइन यादीत) एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी नोंद करून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोंदी युनिकोडमध्ये शोधल्या तर सापडत नाहीत. ‘पुस्तक नाही’ म्हणण्याआधी शीर्षकातला एकच शब्द टाकून, ऱ्हस्व-दीर्घ बदलून, इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. शोधगंगेवरही (पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत असतात.

बाकी युक्त्या सगळ्यांना ठाऊक आहेत: नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत, शोध फक्त सरकारी संकेतस्थळांपुरता, वर्षाची मर्यादा. त्या मुलांना एकेक करून, गरज पडेल तेव्हा दाखवा.

शोधाला एक हद्दही घाला. काळाराम मंदिर सत्याग्रहावर (सुरुवात २ मार्च १९३०) माहिती मागणाऱ्याला शंभर दुवे देण्यात अर्थ नाही. डॉ. आंबेडकरांच्या शासनप्रकाशित इंग्रजी ग्रंथमालेतल्या सतराव्या खंडाचा पहिला भाग उघडून द्या, त्यात नाशिकचं प्रकरण आहे. तिथून तारखा घेऊन तो त्या काळातल्या वर्तमानपत्रांकडे जाऊ शकतो.

५. सापडलेलं खरं आहे का

हल्ली संदर्भयाद्या फार सुबक येतात. लेखक ओळखीचा, जर्नल खरं, वर्ष-खंड-पानं सगळं जागच्या जागी, आणि लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही. चॅटजीपीटीसारखी साधनं असे संदर्भ बेमालूम जुळवून देतात. तपासायला फार वेळ लागत नाही. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाका. संदर्भ खोटा असेल तर एकतर काहीच सापडत नाही, नाहीतर भलताच लेख उघडतो. डीओआय नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर बघा. तरीही शंका राहिली तर त्या जर्नलच्या संकेतस्थळावर जाऊन त्याच अंकाची अनुक्रमणिका उघडा. त्या पानांवर दुसराच लेख असतो.

अशी यादी घेऊन आलेल्या मुलीला रागवू नका. “हा लेख तू उघडून बघितलास का?” एवढं विचारा. उत्तर बहुधा तिच्या चेहऱ्यावरच असतं.

प्राध्यापकांचा प्रश्न वेगळा असतो: “हे जर्नल केअरमध्ये आहे का?” यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी सवय गेलेली नाही. त्यांना यादीऐवजी निकष द्या. तीन दिवसांत छापून देतो म्हणणारं, कृषीपासून काव्यापर्यंत सगळे विषय घेणारं, संपादक मंडळातल्या माणसांचे पत्ते न देणारं आणि पैसे मात्र आधी मागणारं नियतकालिक टाळायला कुठल्या यादीची गरज नाही. हे बोलताना सूर सांभाळा. समोरच्याचा लेख तिथेच छापून आलेला असू शकतो.

६. वर्गात जा, पण बोलावणं घेऊन जा

जुलैत सभागृहात चारशे मुलांसमोर होणारं ‘ग्रंथालय परिचय’ व्याख्यान करावं लागेल, करा. ओळखपत्र, वेळा, दंड, वाचनकक्ष, दहा मिनिटांत संपवा. त्यातून कुणी माहिती शोधायला शिकत नाही, कारण तेव्हा कुणालाच काही शोधायचं नसतं.

शिकवायची खरी वेळ म्हणजे प्रोजेक्ट दिल्यानंतरचा आठवडा. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट पदवीच्या मुलांनाही आहे, त्यामुळे अशी वेळ आता वर्षातून बऱ्याचदा येते. स्टाफरूममध्ये जाऊन “सर, एक तास द्या” म्हणण्याऐवजी “सर, तुमच्या प्रोजेक्टच्या कागदाची कॉपी द्या, त्यावरच तास घेते” म्हणा. पहिल्या वाक्याला ‘बघू’ असं उत्तर मिळतं.

पन्नास मिनिटांचा तास मी असा घेते. सुरुवातीला त्यांच्याच यादीतला सर्वांत भोंगळ विषय फळ्यावर लिहायचा आणि वर्गाकडून तो लहान करून घ्यायचा: कुठला तालुका, कुठली वर्षं, कुणाच्या बाजूने. याला पंधरा मिनिटं सहज जातात आणि जाऊ द्यावीत. मग त्या विषयासाठी मराठी आणि इंग्रजी शब्दांच्या दोन रांगा. मग एकच साधन, दोन नाही, आणि मुलांनी स्वतः शोधायचं, जोडीजोडीने, मोबाइलवर. शेवटी प्रत्येक जोडीने एका चिठ्ठीवर लिहायचं: काय सापडलं आणि त्यावर विश्वास का ठेवावा. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा. पुढच्या तासाला काय शिकवायचं ते त्यांत असतं. ‘पहिल्याच नंबरला आलं म्हणून’ हे उत्तर हमखास भेटेल.

साठ मुलांनी एकदम लॉगिन केलं की वाय-फाय मान टाकतं. पडद्यावर दाखवायच्या पायऱ्यांचे स्क्रीनशॉट पेन ड्राइव्हमध्ये असू द्या.

भाषेचं म्हणाल तर तास मराठीत घ्या, पडद्यावरचे इंग्रजी शब्द तसेच ठेवून. सुरगाणा-पेठकडच्या काही मुलांच्या घरी कोकणा बोलली जाते. त्यांच्यासाठी प्रमाण मराठीही शाळेत शिकलेली, वर पुन्हा इंग्रजी स्क्रीन. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’, ‘फुल टेक्स्ट’, ‘पीअर रिव्ह्यूड’ असे चार-पाच शब्द फळ्यावर अर्थासकट राहू दिले की ही मुलं मागच्या बाकावरून हळूहळू पुढे सरकतात.

७. टक्केवारीचा बागुलबुवा

पीएच.डी.वाल्यांना एकच आकडा पाठ असतो: दहा टक्के. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमावलीत इतरांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत सुधारून पुन्हा देण्याची मुभा, ६० पर्यंत वर्षभर बंदी, आणि त्याहून वर नोंदणीच रद्द. पण सॉफ्टवेअर मोजतं ते साम्य. चोरी आहे की नाही ते माणसालाच वाचून ठरवावं लागतं. नीट अवतरण देऊन घेतलेला उताराही लाल होतो आणि इंग्रजीतून मराठीत उतरवलेला आख्खा परिच्छेद सुटून जातो. ‘मॅडम, टक्के कमी करून द्या’ म्हणणाऱ्याला शब्द बदलायला मदत करू नका. संदर्भ कुठे राहिलाय ते दाखवा. संदर्भ नोंदवून ठेवणारं झोटेरो तिथेच बसवून द्या, फुकट आहे.

८. कुठे थांबायचं

कोर्टाचे निकाल शोधून द्या, पण खटला जिंकाल का ते सांगू नका. आजारावरचे लेख द्या, औषधाचं नाव सुचवू नका. प्रोजेक्टची प्रस्तावना लिहून देऊ नका, कितीही गोड बोलून मागितली तरी. विचारलेल्या प्रश्नांची वही ठेवा: तारीख, प्रश्न, उत्तर कशात मिळालं, किती वेळ लागला. विचारणाऱ्याचं नाव लिहू नका. पुढच्या वर्षी पुस्तकखरेदीच्या सभेत ती वही पुढे ठेवलीत की ‘ही पुस्तकं का?’ याचं उत्तर तयार असतं, आणि नॅकच्या फायलीलाही कामी येते.

९. आपल्याकडे नसेल तर

‘आमच्याकडे नाही’ इथे वाक्य संपवू नका. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय शहरातच आहे; जुन्या मराठी पुस्तकांसाठी आधी तिकडे बघा. वैद्यकीय विषयासाठी म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दूरशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांसाठी गंगापूर धरणाकडचं मुक्त विद्यापीठ. कांदा-लसणाच्या वाणांवरचं तांत्रिक साहित्य हवं असेल तर निफाड तालुक्यात चितेगावला एनएचआरडीएफ या फलोत्पादन संशोधन संस्थेचं केंद्र आहे.

मुलाला नुसतं पाठवू नका. आधी स्वतः फोन करा, पुस्तक तिथे असल्याची खात्री करा, दाखलांक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) मिळाला तर लिहून घ्या. मग महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र: विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, पुस्तकाचं नाव, फक्त तिथे बसून वाचायचंय की फोटोही काढायचेत, आणि कोणत्या तारखेपर्यंत. शिक्का विसरू नका. तिथल्या वेळा आणि साप्ताहिक सुटी पत्राच्या मागे पेन्सिलीने लिहून द्या, नाहीतर तो सुट्टीच्या दिवशीच एसटीने येऊन बंद दारावरून परत जातो.